कान उघडायच्या आत

"भावाच्या जिभेवर कसला नवस बोलतेस गं? बोलायचा तर आपल्या अंगावर बोल."

आईचे हे बोल जसिंता तुस्कानोला साठी उलटल्यावरही जसेच्या तसे ऐकू येत. लहान असताना एकदा तिचा धाकटा भाऊ सायमन तापाने फणफणला होता. जसिंताने देव्हाऱ्यातल्या मरियामातेपुढे गुडघे टेकले आणि मोठ्याने नवस बोलली, की सायमनचा ताप उतरला तर सायमन अख्खा उपवासकाळ गोड खाणार नाही. आई मागेच उभी होती. ती हसली नाही. दंडाला धरून तिने जसिंताला पुन्हा गुडघ्यांवर बसवले आणि नवस नव्याने बोलायला लावला. त्या वर्षी जसिंताने सुकेळ्यांच्या, उन्हात वाळवलेल्या गोड केळ्यांच्या, डब्याला हात लावला नाही. ताप उतरलेला सायमन मात्र तिच्यासमोर मांडी घालून सुकेळी चोखत बसे.

तेव्हापासून जसिंताच्या व्रतांत खंड पडला नव्हता. पहाटेची मिस्सा, दुपारी बाराची प्रार्थना, संध्याकाळी रोझरी. शुक्रवारी मांस तर नाहीच, पण समुद्र घराच्या मागे असूनही ती त्या दिवशी मासळी शिजवत नसे. वसईच्या किनाऱ्यावरच्या कोंडाळे गावात तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. ती हळू बोले आणि म्हणूनच तिचे ऐकले जाई. चर्चच्या महिला मंडळाची ती अध्यक्ष होती, आणि तिच्याशिवाय दुसरी कुणी अध्यक्ष होईल असे मंडळातल्या बायकांच्या मनातही येत नसे.

त्या सुमारास पिशवी आली.

वर्तमानपत्रे तिला कृत्रिम गर्भाशय म्हणत, लोक पिशवीच म्हणत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तशी पिशवी आधीपासून होती. कोमट खारट पाणी, नाळेला जोडलेली नळी आणि बाहेर रक्तात प्राणवायू मिसळणारे यंत्र. पण नळी जोडायला नाळ पुरेशी जाड लागे, म्हणून सहाव्या महिन्याच्या आतले बाळ तिच्यात टिकत नसे. नवा शोध लागला तो वारेचा. बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या वारेतल्या पेशी वाढवून शास्त्रज्ञांनी एक पातळ, लालसर, जिवंत अस्तर तयार केले. बाईच्या पोटातून गर्भ त्याच्या पाण्यासकट, वेष्टनासकट सोडवायचा आणि त्या अस्तरावर नेऊन टेकवायचा. वाडीत कलम बांधतात तसेच. कलम धरले की गर्भाची स्वतःची कोवळी वार त्या अस्तरात मुळे सोडे. तीन महिने पुरे झालेला जीव आता आईच्या बाहेर वाढू शकत होता.

शोध लागला आणि राज्यात रान पेटले. शेवटी सरकारने जनकौल घ्यायचे ठरवले. तीन महिन्यांच्या आत जुनाच कायदा राहील. त्यानंतर मात्र गर्भ नको असेल तर पाडता येणार नाही, पिशवीत हलवावा लागेल. बाई मोकळी, जीवही वाचला. बोला, हो की नाही?

रविवारच्या मिस्सेत फादर ऑल्विननी सावधपणे सांगितले, "प्रत्येक जीव पवित्र आहे, हे ख्रिस्तसभा सांगत आलीच आहे. पण मूल असं पिशवीत वाढवावं का, याविषयी तिच्या मनातही शंका आहेत. आपापल्या सद्सद्विवेकाला विचारून मत द्या. मी वेदीपाशी उभा राहून कुणाला बटण सांगणार नाही."

जसिंताला ते बोलणे कोमट वाटले. आयुष्यभर ज्या न जन्मलेल्या जिवांसाठी तिने माळ ओढली, त्यांना वाचवायची वाट एकदाची सापडली होती, आणि फादर म्हणतात शंका! त्याच संध्याकाळी तिने चर्चच्या हॉलमध्ये मंडळ बोलावले.

मागच्या बाकावर निओमी लोपीस बसली होती. जसिंताची मैत्रीण ब्लँच हिची ही मुलगी. स्नानसंस्काराच्या वेळी जसिंतानेच तिला कुशीत धरले होते, तिची धर्ममाता म्हणून. ब्लँच गेल्यापासून तर तिला आईच्या जागी जसिंताच होती. निओमी विरारला एका औषध कंपनीत नोकरी करायची, आणि मंडळाच्या बैठकीला यायचे तिचे वयही नव्हते.

"मावशी, एक विचारू?" ती उठून म्हणाली. "पिशवीतून बाळं बाहेर येतील. मग त्यांना वाढवणार कोण?"

"कोण म्हणजे? आपण."

"आपण म्हणजे नक्की कोण?"

हॉलमध्ये खसखस पिकली. जसिंता हसली नाही. तिने वेदीजवळची मोठी मेणबत्ती आणून टेबलावर ठेवली, पेटवली आणि तिच्या बुंध्याला हात लावून म्हणाली, "एक बाळ माझ्या घरी." मग एकेक बाई उठून येई. हात लावी आणि तेच बोले. रेमी डाबरे तर हुंदके देत म्हणाली. कुणीतरी त्याचे चित्रण केले, आणि दोन दिवसांत ते धर्मग्रामा-धर्मग्रामांत फिरले. पोटतिडकीने 'वाढवणार कोण' म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली. ठिकठिकाणच्या चर्चमध्ये, आणि पुढे चर्चबाहेरही, बायका मेणबत्तीला हात लावून शब्द देऊ लागल्या.

निओमीने मात्र हात लावला नव्हता. ती हॉलमधून कधी निघून गेली हे कुणाला कळलेच नाही.

घरी नवऱ्याने, मोगऱ्याची वाडी करणाऱ्या इनासने, जेवताना विषय काढला. "अध्यक्षीणबाई, पाळणा कुठे टांगायचा म्हणता? मोगऱ्याच्या टोपल्यांच्या वर की माझ्या खोकल्याच्या शेजारी?"

"तुम्हाला सगळ्याची थट्टाच सुचते."

"थट्टा नाही गं. जागा विचारतोय."

मतदानाच्या आदल्या दिवशी जसिंता अंगणात राजेळी केळी सोलून कारवीच्या काठ्यांच्या मांडवावर वाळत घालत होती. निओमी आली ती कामावरून थेट, खांद्याला पर्स तशीच. इनास आत बोंबील तळत होता. वास दारापर्यंत आला तशी निओमीने ओढणी नाकाला लावली आणि दोन पावले मागे सरली. तळलेल्या बोंबलासाठी लहानपणी चुलीपाशी ठाण मांडून बसणारी ही पोर. जसिंताचा हात केळ्यावर क्षणभर थांबला. मुलीचा उतरलेला चेहरा, गळ्याशी दिसणारी निळी शीर, ओढणीचा घट्ट धरलेला पदर. बाईला बाईचे कळायला वेळ लागत नाही.

"मावशी, तू माझ्याबरोबर एका ठिकाणी येशील?"

"उद्या मतदान आहे गं बाई. सकाळपासून म्हाताऱ्यांना केंद्रावर न्यायचंय. आणि परवा मंडळाची..."

"लांब नाही. नुसतं यायचं."

"बघू या हं. हे एकदा पार पडू दे. तू मत द्यायला येतेस ना? आईची आठवण ठेवून दे हो."

निओमी थोडा वेळ मांडवावरच्या केळ्यांकडे पाहत राहिली. मग "येते" म्हणाली आणि गेली. जसिंताने पुढचे केळे उचलले. तिने विचारले असते तर मुलीने सांगितले असते. सांगितले असते तर 'नाही' म्हणावे लागले असते, नाहीतर, याहून वाईट, 'हो' म्हणावे लागले असते. यातले काहीच उद्यावर नको होते. तिने ते त्या घटकेला स्वतःशीसुद्धा पुरते बोलून घेतले नाही. नुसते पुढचे केळे सोलले.

'हो'चा विजय झाला. मंडळाने सुकेळी वाटली. घंटा वाजवू द्या म्हणून बायका फादरांकडे गेल्या तेव्हा ते म्हणाले, "घंटा मिस्सेला वाजते."

कायदा लागू झाला आणि थोड्याच दिवसांत निओमी 'ट्रेनिंगला' म्हणून नाशिकला गेली. परतली ती वाळून. वडील, पीटर लोपीस, टेंपो चालवायचे. त्यांनी गावात सांगितले, की तिकडचे पाणी बाधले. मासळीबाजारात जसिंताने तिला लांबून पाहिले. पाटी उचलायला ती वाकली, आणि वाकताना एक हात आपसूक पोटाशी गेला. ज्याला टाके पडलेत तोच माणूस असा वाकतो. जसिंता शेवंडाच्या टोपलीमागे वळली आणि भाव विचारू लागली.

नाशिकचे पिशव्यांचे केंद्र भरत चालले होते. तिथून मंडळांना फोन येऊ लागले. दिलेल्या शब्दांची आठवण, अगदी आर्जवाने. जसिंता घरोघर फिरली.

"अगं, माझी सून म्हणते, आधी कुत्रं ठेवायचं की बाळ ते ठरवा," रेमी डाबरे म्हणाली. "मी काय करू? घर तिचं."

दुसरी म्हणाली, "तेव्हा वाटलं होतं, दहा वर्षांनी येतील ही बाळं." तिसरीने चहा दिला आणि विषय नातवाच्या परीक्षेवर नेला. शेवटी रेमीच म्हणाली, "तू अध्यक्ष ना? तू सुरुवात कर. आम्ही येतोच मागून."

जसिंता हसून घरी आली. तिच्याकडेही कारणे होतीच. इनासची साखर, वाडी, मंडळ. रात्रीच्या प्रार्थनेत ती त्या बाळांसाठी रोज एक जादा 'नमो मरिया' म्हणू लागली, आणि म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटे.

मग एका दुपारी फोन आला, तो मंडळाला नव्हता. तिला होता.

"जसिंताबाई, मी मंजिरी खानोलकर, केंद्रातली समुपदेशक. आमच्याकडे एका मातेनं साथी म्हणून तुमचं नाव दिलंय. ती कोण, हे मी सांगू शकत नाही."

"सांगू नका," जसिंता म्हणाली.

"तुम्हाला नकार देता येतो. पण एकदा येऊन बघाल का? या बाळाला फार दिवस थांबता येणार नाही. कान उघडायच्या आत कुणीतरी लागतं."

निर्णय राहू दे, बघून तर येऊ, असे म्हणून ती गेली. केंद्र तिला वाटले होते तसे इस्पितळासारखे नव्हते. मंद तांबूस उजेड, उबट हवा आणि दुतर्फा जाड कापडाने झाकलेल्या पिशव्या. प्रत्येकीशेजारी एक खुर्ची. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. एका खुर्चीत पांढऱ्या मिशांचे गृहस्थ मोठ्याने बाजारभाव वाचत होते. "टोमॅटो उतरला रे बाळा. कांदा मात्र ऐकत नाही."

"हे साथी," मंजिरीने समजावले. "पिशवीनं सगळं दिलं, ऊब, रक्त, पोषण. एक गोष्ट तिला देता आली नाही. पोटातल्या मुलाला आईचा आवाज कानांनी नाही, हाडांतून ऐकू येतो. तिच्या ठोक्यासह, श्वासासह. पाचव्या महिन्याच्या सुमारास कान जागे होऊ लागतात. त्यानंतर ज्यांना माणसाची साथ नव्हती, ती पहिली बाळं अंगापिंडानं वाढली, पण जन्मल्यावर आवाजाकडे मान वळवीनात. माणूस म्हणजे काय, हे त्यांना उशिरा उमगलं."

"ध्वनिमुद्रण लावता येत नाही?"

"लावतो. कुणी नसेल तर तेच लावतो. पण हे दोन्हीकडून चालतं, बाई. साथीच्या गळ्याखाली पट्टी असते. बाळ हललं की तिला कंप येतो, साथीचा ठोका जरासा चुकतो, आणि तो चुकलेला ठोका बाळाला पोचतो. म्हणजे, मी हललो आणि कुणाला तरी कळलं. मुद्रणाला काही कळत नाही. फोनवरून पाठवलं तर मध्ये क्षणाची फट पडते, तेवढ्यात ते गप्प होतं. म्हणून इथंच बसावं लागतं. रोज. जन्मेपर्यंत. आणि पुढे..."

"पुढे घरी न्यायचं."

"शक्यतो त्याच आवाजाकडे."

"काय बोलायचं असतं त्याच्याशी?"

"काहीही. त्याला अर्थ नको असतो, माणूस हवं असतं."

मंजिरीने एका रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवले. शेजारच्या पिशवीचे कापड बाजूला करू का, असे तिने विचारले. जसिंता नको म्हणाली. पाहण्याचा हक्क आधी मागून यायला हवा, असे तिला वाटले.

कोंडाळ्यात परतून ती थेट लोपीसांकडे गेली. निओमी अंगणात मोगऱ्याला पाणी घालत होती. तिने नळी बंद केली नाही.

"माझं नाव का दिलंस, पोरी?"

"दुसऱ्या कुणाचं देणार? एक बाळ माझ्या घरी, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

तुम्ही. बोलायला लागल्यापासून निओमीने तिला कधी तुम्ही म्हटले नव्हते.

"त्या दिवशी मी कशाला आले होते, माहितेय?" निओमीने विचारले.

"माहीत होतं."

"कधी कळलं?"

"तू ओढणी नाकाला लावलीस तेव्हाच."

पाणी वाफ्यातून ओसंडून पायांकडे वाहू लागले. निओमीने नळी खाली टाकली. "मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

निओमी पायरीवर बसली. बोलली तेव्हा तिचा आवाज कोरडा होता. "तुम्हाला वाटलं असेल, पाडायला चल म्हणणार होते. कदाचित म्हणाले असते. मला काही ठरवताच येत नव्हतं. तो कॅनडाला निघून गेला होता, पप्पांना सांगायची सोय नव्हती. डॉक्टरकडे जायचं आणि कुणीतरी शेजारी बसायचं, एवढंच हवं होतं. एकटीनं दोनदा त्या दवाखान्याच्या दारातून परत आले. तेवढ्यात तीन महिने उलटले आणि तुमचा कायदा आला. मग माझं मला ठरवायचं काही उरलंच नाही. पोट उघडलं, काढलं, टाके घातले. सगळे फार चांगलं वागले हो. एक नर्स तर म्हणाली, 'अभिनंदन, जीव वाचला.'"

जसिंताला बसावेसे वाटले, पण बस म्हटले गेले नव्हते. ती उभी राहिली.

"लोक म्हणतात मी मोकळी झाले," निओमी म्हणाली. "कामावर बसलेली असते आणि मनात येतं, ते आत्ता काय करत असेल. मला ते माझं म्हणून नकोय, मावशी. खरंच नकोय. पण ते रेकॉर्डिंग ऐकत पडलंय, हेही मला सहन होत नाही."

"मी जाते. मी आणते त्याला घरी."

"इथे?" निओमी ताडकन उठली. "या गावात? रोज मिस्सेला तुमच्या कडेवर बघू मी त्याला? अजून किती घ्याल माझं?"

जिवांना वाचवण्याच्या इतक्या गप्पा मारल्या, पण या मुलीला उद्या कुठल्या रस्त्याने चालायचे आहे, हे जसिंताच्या मनातही आले नव्हते. या घटकेपर्यंतसुद्धा नाही.

"सांग, कसं करू?" ती म्हणाली.

निओमीने विचार करून ठेवला असावा. "गावात आणायचं नाही. कधीच. कुणाचं, ते कुणाला सांगायचं नाही. इनासकाकांना सांगा, त्यांच्या पोटात राहतं. मला फोटो दाखवायचा नाही, मुलगा की मुलगी सांगायचं नाही. मी विचारलं तरी."

"तू विचारलंस तरी?"

"मी विचारेन. तरी नाही. आणि माझ्या दारावरून जायचं नाही. तुमचं पाऊल ओळखू येतं मला. ऐकलं की विचारावंसं वाटेल."

"वचन दिलं."

"मेणबत्ती नको आणायला?"

जसिंताने मान खाली घातली. तो टोमणा तिच्या हक्काचा होता. तिने नुसता आपला हात आपल्या छातीवर ठेवला, आणि निघाली.

वचन दिले खरे, पण घरी येईपर्यंत त्याचा आकार तिला दिसू लागला. गावात आणायचे नाही म्हणजे गावात राहायचे नाही. ज्या चर्चमध्ये लग्न लागले, ज्याच्या आवारात आईबाप आणि ब्लँच निजलेली, ते सोडायचे. इनास वाडी सोडून येणार नाही. मोगरा माणसाची वाट पाहत नाही. या वयात परक्या गावी, धाकट्या बहिणीच्या नाशिकरोडच्या खोलीत, आधी पिशवीशेजारी आणि मग मुलाच्या मागे. ते शाळेत जाईल तेव्हा ही सत्तरीकडे झुकलेली. दोन दिवस माळ हातात घेई आणि पहिल्याच मण्यावर अडे.

तिसऱ्या दिवशी ती पापनिवेदनाला गेली. जाळीपलीकडे फादर ऑल्विनचा खोकला ऐकू आला. तिने नावे न घेता सगळे सांगितले. शेवटी म्हणाली, "फादर, मत चुकीचं दिलं का मी? ते जीव जगावेत असं मला अजूनही वाटतं. तेव्हा वाटत होतं तेवढंच. पण छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं."

"मताचं मला विचारू नका, जसिंताबाई. ते आधीही सांगितलं नव्हतं, आताही सांगणार नाही. एक मुलगी दारात आली आणि तुम्हाला दिसत असून तुम्ही पाहिलं नाही, हे तुम्ही सांगितलंत. त्याची क्षमा मागायला तुम्ही आलात, ती देव देतो."

"मग प्रायश्चित्त म्हणून ते मूल मी..."

"नाही." फादरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मूल म्हणजे प्रायश्चित्त नव्हे. ते कुणाचं पाप फेडायला जन्माला येत नाही. तुम्ही त्याला आपला अपराध समजून कडेवर घ्याल, तर ते जन्मभर तुमचा अपराध होऊन चालेल. त्या मुलीचं ओझं, तुमचं ओझं, सगळं त्याच्या डोक्यावर. तसं करायचं असेल तर जाऊ नका. रेकॉर्डिंग परवडलं."

"मग काय समजून जाऊ?"

"प्रायश्चित्त म्हणून एक रोझरी म्हणा," ते हळू म्हणाले. "बाकीचं मला ठाऊक नाही. मी कधी कुणाशेजारी एवढा वेळ बसलेलो नाही."

रोझरी म्हणून ती बाहेर आली. धोंडा हलला नव्हता. तो कदाचित हलणारही नव्हता. पण तिला वाटले, तो घेऊन चालायचे ते आपण. खुर्चीत बसताना तो खाली ठेवता आला पाहिजे, दारातच, चपलांजवळ. जमेल का, ते तिला ठाऊक नव्हते.

इनासला तिने अंगणात गाठले. तो मोगऱ्याच्या कळ्या निवडत होता. ऐकत असताना त्याचे हात चालूच होते. सगळे ऐकून झाल्यावर त्याने विचारले, "जाणार म्हणजे कायमची?"

"ते मोठं होईपर्यंत."

"तोवर मी असेन का?"

ती खाली बसून त्याच्यासोबत कळ्या निवडू लागली.

"रागावलो नाही गं," इनास म्हणाला. "ब्लँचच्या पोरीनं मला रोज बघून मान हलवायची आणि मी काही ठाऊक नसल्यासारखा मोगरा विकायचा. माझ्या वाट्याला एवढंच आलं." त्याने टोपलीवर ओला कपडा पसरला. "मी जनकौलात काय दिलं, ते तू कधी विचारलं नाहीस."

"आता विचारू?"

"नको. शनिवारी येत जाईन. माझी साखर तिथं वाढवशील." मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "लहान मूल असतं तिथं बोंबील चालतात ना?"

तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ती हसलीही.

निघायच्या सकाळी मिस्सा झाल्यावर तिने हॉलच्या किल्ल्या रेमीच्या हातावर ठेवल्या. बायका भोवती जमल्या.

"अचानक कुठे निघाल्या अध्यक्षीणबाई?"

"नाशिकला."

"बहिणीकडे? बरं आहे की नाही तिचं?"

"बरं आहे."

"मग आमच्या डोक्यावर बाळांचा शब्द ठेवून तुम्ही हवा खायला चालल्या म्हणा," रेमी म्हणाली, आणि दोघीतिघी हसल्या. एक हसली नाही. ती म्हणाली, "शब्द द्यायला पुढे, निभवायला नाशिक." महिन्यापूर्वी जसिंताने याला शांत, समर्पक उत्तर दिले असते. तेवढे तर तिला सहज जमे. आता एक शब्द बोलला तर दुसरा विचारला जाणार, आणि दुसऱ्यापासून निओमीचे दार लांब नाही.

"हॉलचा पंखा आवाज करतो," ती म्हणाली. "दुरुस्त करून घ्या."

बॅग फार जड नव्हती. दोन साड्या, औषधे, स्वेटर. इनास वेशीपर्यंत येतो म्हणाला होता, तिने नको म्हटले. कळ्या उन्हाच्या आत खुडायच्या होत्या. चर्चच्या फाटकाशी ती एकटीच उभी राहिली. एसटीच्या थांब्याकडे जायचा सरळ डांबरी रस्ता लोपीसांच्या अंगणाला लागून जात होता. तिकडून कुणीतरी केर काढत असल्याचा खराट्याचा आवाज येत होता. थांबत, पुन्हा चालू होत.

जसिंताने पायांतल्या चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि वाड्यांच्या बांधावरून जाणारी लांबची वाट धरली.